एक्स्प्लॉयटेशनमधून हॉरर कसा घडला ते दाखवणारे सहा सिनेमे सुचवा (बजेट ३०००, कृपया अटी वाचा)

भिंतीवरचा_उंदीर (शुक्रवार, रात्री ११.४०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज कामासाठी धागा काढतोय.

आमच्या सोसायटीतले आम्ही सातआठ जण शनिवारी जेवणं उरकली की माझ्या घरी सिनेमा बघतो. गेल्या आठवड्यात भाच्याशी जुंपली. तो फिल्म स्कूलच्या प्रवेश परीक्षेची तयारी करतोय, त्यामुळे सध्या जगातलं सगळं त्याला माहीत आहे. त्याचं म्हणणं, हॉरर हा खानदानी प्रकार, जर्मन मूकपटांपासून ड्रॅक्युला फ्रँकेन्स्टाइन करत हिचकॉकपर्यंत सरळ आलेला, आणि ते ड्राइव्ह-इनला (गाडीत बसून बघायच्या उघड्या थिएटरला) चालणारे स्वस्तातले रक्तबंबाळ एक्स्प्लॉयटेशन सिनेमे म्हणजे त्या झाडावरची बांडगुळं. मला उलटं वाटतं. आज आपण ज्याला हॉरर म्हणतो त्यातलं निम्मं सामान बांडगुळांकडूनच आलंय. पण हे पटवून द्यायची वेळ आली तेव्हा माझी गाडी दोन वाक्यांतच अडकली.

तर सहा शनिवार, सहा सिनेमे, आणि कशानंतर काय बघायचं ते सांगा. अटी:

१) सगळं मिळून ३००० रुपये. डिस्क, ऑनलाइन भाडं, एखादं पुस्तक, जे असेल ते ह्यातच.
२) बलात्काराची दृश्यं नकोत आणि प्राणी खरोखर मारलेले नकोत. सासूबाई (वय ७१) पण बसतात. भुतं, रक्त, मुंडकी ह्याचं त्यांना काही नाही, पण ह्या दोन गोष्टी नाहीत म्हणजे नाहीत.
३) प्रोजेक्टर आहे, चालतो. त्यावर सल्ला नको.

कोथरूडचा_काउंट (रात्री ११.५२)

प्रोजेक्टर कुठला आहे?

हे विचारतोय कारण हॉरर म्हणजे काळा रंग. काळा जर राखाडी दिसत असेल तर तुम्ही हॉरर बघतच नाही, सावल्यांचा वरणभात बघताय. मी दिवाळीत ७२ हजारांचा घेतला, आधी बायको बोलली, आता तीच रोज लावते. सिनेमे काय, मिळतात कुठेही.

भिंतीवरचा_उंदीर (रात्री ११.५५)

काउंट, अट क्र. ३.

कोथरूडचा_काउंट (रात्री ११.५८)

वाचली. म्हणूनच सांगतोय.

आठवा_शो (शनिवार, सकाळी ७.१५)

उंदीरराव, बाजू तुमचीच खरी आहे, फक्त सुरुवात शब्दापासून करा. आपल्याकडे एक्स्प्लॉयटेशनचं ‘शोषण’ असं भाषांतर करून लोक भलतीकडेच वाहवत जातात. अमेरिकेतल्या सिनेमाधंद्यात हा शब्द जाहिरातीचा होता. पोस्टर, थिएटरच्या लॉबीत मांडलेले देखावे, पेपरात उठवलेली आवई, हे सगळं मिळून एक्स्प्लॉयटेशन. ज्या सिनेमात स्टार नाही, ज्याच्या मागे स्टुडिओ नाही, तो केवळ असल्या हाकाटीवर विकायचा, म्हणून तो एक्स्प्लॉयटेशन सिनेमा. क्रोगर बॅब नावाच्या माणसाने १९४५ मध्ये ‘मॉम अँड डॅड’ आणला, त्यात बाळंतपणाची खरी दृश्यं. बायकांचा शो वेगळा, पुरुषांचा वेगळा, मध्ये ‘एलियट फोर्ब्स’ नावाचे तज्ज्ञ येऊन आरोग्यावर भाषण करणार आणि नंतर पुस्तिका विकणार. गंमत अशी की एकाच रात्री दहा गावांत दहा एलियट फोर्ब्स उभे असायचे. सगळे भाड्याचे नट.

आता हॉरर. विल्यम कॅसलने १९५८ च्या ‘मकाब्र’ला प्रेक्षकांचा विमा उतरवला, भीतीने मेलात तर घरच्यांना हजार डॉलर. पुढच्या वर्षी ‘द टिंगलर’ला काही खुर्च्यांखाली मोटरी बसवल्या, ऐन मोक्याला खुर्ची थरथरणार. सिनेमे यथातथाच, पण रांगा लागल्या. असले स्वस्तातले भयपट पैसा ओढतायत हे हिचकॉकच्या डोळ्यांत भरलं, आणि भाच्याचा तो खानदानी ‘सायको’ (१९६०) आला तो असा: स्वतःच्या टीव्ही मालिकेतली माणसं हाताशी घेऊन, ब्लॅक अँड व्हाइट, आठ लाख डॉलरच्या आसपास, आणि सिनेमा सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडणार नाही ही थिएटरबाहेर पाटी. ती पाटी म्हणजे कॅसलचीच विद्या. म्हणजे खानदानी माणूस बाजारात जाऊन बांडगुळाकडून धंदा शिकून आला. भाच्याला एवढंच सांगा.

मग १९६३, ‘ब्लड फीस्ट’, हर्शेल गॉर्डन लुइस. हा आधी उघड्यानागड्या बायकांचे हलकेफुलके सिनेमे काढायचा, त्यात गर्दी झाल्यावर निर्माता डेव्हिड फ्रीडमनबरोबर बसून त्याने विचार केला की मोठे स्टुडिओ दाखवूच शकत नाहीत असं काय उरलंय. उत्तर निघालं आतडी. तेव्हा स्टुडिओंना प्रॉडक्शन कोडचं, म्हणजे धंद्यानेच घालून घेतलेल्या सेन्सॉरच्या नियमांचं, बंधन होतं, ड्राइव्ह-इनवाल्याला त्या शिक्क्याचं काही पडलेलं नव्हतं. मायामीत पंचवीसेक हजार डॉलरमध्ये उरकला, इलिनॉयमधल्या पिओरियाच्या ड्राइव्ह-इनला लावला, आणि प्रेक्षकांना ओकायच्या पिशव्या वाटल्या. लुइस मूळचा जाहिरातीतला माणूस, सिनेमे सोडल्यावर टपालाने माल विकायच्या जाहिराती लिहिण्यात नाव काढलं त्याने. रंगीत, जवळून, कॅमेरा न हलवता दाखवलेलं फाडलेलं शरीर ह्याने बाजारात आणलं. बघू मात्र नका. सिनेमा भिकार आहे, ग्रुप पहिल्याच शनिवारी फुटेल. तोंडी सांगा आणि ‘सायको’पासून सुरू करा.

एकशिंगी_राक्षस (सकाळी ९.३०)

कॅनिबल होलोकॉस्ट. बास. बाकी सगळे बच्चे.

भिंतीवरचा_उंदीर (सकाळी ९.३३)

अट क्र. २ ची दोन्ही कलमं एकाच सिनेमात मोडली तुम्ही.

एकशिंगी_राक्षस (सकाळी ९.४१)

अहो पण इन्फ्लुएन्सच विचारलाय ना? १९८० चा सिनेमा. जंगलात हरवलेल्या टीमचे डबे सापडतात आणि त्यातली फिल्म आपण बघतो. हे १९९९ च्या ‘ब्लेअर विच’च्या किती आधी! दिग्दर्शक देओदातोवर इटलीत खटला झाला, कोर्टाला वाटलं नट खरंच मेले, ते जिवंत आहेत हे दाखवायला लागलं. आणि ‘ब्लेअर विच’वाल्यांनीही तेच केलं, मुलं खरंच हरवलीत अशी हवा इंटरनेटवर आधी उठवली. मी कॉलेजात असताना तीन वेळा बघितला, जेवत जेवत.

मृणाल_म (सकाळी १०.०५)

त्यातलं कासव खरं आहे आणि ते खरोखर कापलंय. जेवत जेवत बघितलं हे अभिमानाने सांगायची गोष्ट नाही. खटल्याचा भाग तोंडी सांगा, तेवढं पुरे.

संथ_वाहते (सकाळी १०.२०)

सायको घ्या. क्लासिक.

जर्सीकर_अण्णा (सकाळी १०.४४)

नमस्कार, इकडे रात्र झालीय पण विषय बघून राहवेना. मी १९८४ साली शिकायला आलो तेव्हा न्यूयॉर्कच्या ४२व्या स्ट्रीटवर ती प्रसिद्ध ग्राइंडहाउस थिएटरं चालू होती. एका तिकिटात दोन सिनेमे, कधी तीन, दुपारी शिरा, रात्री बाहेर या. जमीन अशी चिकट की चप्पल मागे राहील. निम्मे लोक झोपायला आलेले, उरलेले पडद्याशी मोठ्याने बोलत बसलेले, ‘अगं त्या दाराकडे जाऊ नको’ टाइप. आपल्या टुरिंग टॉकीजची आठवण यायची. हॉरर एकट्याने गप्प बसून बघायचा नसतो, गर्दीत ओरडत बघायचा असतो, हे मला तिथे कळलं. आता सगळं पाडून डिस्नी वगैरे केलंय.

असो. माझं मत ‘फ्रायडे द थर्टीन्थ’, १९८०. जिथे शूट झाला ते ब्लेअर्सटाउन माझ्या घरापासून गाडीने तासाभरावर, मी पाहुण्यांना नेऊन दाखवतो, फोटो आहेत, हवे तर टाकतो. शॉन कनिंगहॅमकडे पटकथा तयार नव्हती तेव्हाच त्याने ‘व्हरायटी’ ह्या सिनेमाधंद्याच्या पेपरात पानभर जाहिरात दिली होती, फक्त नाव आणि फुटलेली काच. नाव आधी, सिनेमा मागून. पन्नासेक लाखांचा... सॉरी, साडेपाच लाख डॉलरचा सिनेमा, पॅरामाउंटने उचलला आणि अमेरिकेतच चार कोटींच्या घरात गेला. म्हणजे १९८० पर्यंत स्टुडिओच ड्राइव्ह-इनचा माल स्वतःच्या शिक्क्याने विकायला लागला होता. हाच तुमचा मुद्दा ना? आणि हाच कनिंगहॅम १९७२ च्या ‘लास्ट हाउस ऑन द लेफ्ट’चा निर्माता, दिग्दर्शक वेस क्रेव्हन. तो तुमच्या अटीत बसत नाही, लावू नका, पण त्याची कथा स्वीडनच्या नामवंत दिग्दर्शक इंगमार बर्गमनच्या ‘व्हर्जिन स्प्रिंग’वरून घेतलेली होती हे भाच्याच्या कानावर घाला. बर्गमन गटारात आणि तिथून पुढे क्रेव्हनचे ‘एल्म स्ट्रीट’, ‘स्क्रीम’.

चाळिशीतला_चिन्या (सकाळी ११.१०)

डिस्क घेणार असाल तर माझं ऐका, मी पोळलेला माणूस आहे, मागच्या वर्षी अमेरिकेतून येणाऱ्या एका नातेवाइकाला सांगून हॉररच्या तीन ब्लू-रे मागवल्या, तो बिचारा कपड्यांत गुंडाळून घेऊन आला, मी शनिवारी सगळ्यांना बोलावलं, भजी तळली, डिस्क घातली तर पडद्यावर पाटी की ही डिस्क ह्या प्लेअरवर चालणार नाही. अमेरिकेचा रीजन ए, युरोपचा बी, आपला भारत सी. तिन्ही डिस्क आता शोकेसमध्ये आहेत, मुलगी त्यात तोंड बघते. ४के डिस्कला रीजनची भानगड नसते हे मला नंतर कळलं, पण तिला ४के प्लेअर लागतो. त्यामुळे आधी स्वतःच्या प्लेअरमध्ये काय चालतं ते बघा आणि मगच पैसे घाला. भजी मात्र संपली.

कोथरूडचा_काउंट (सकाळी ११.१४)

मी ४के प्लेअर पण घेतलाय. प्रोजेक्टरबरोबरच.

मृणाल_म (सकाळी ११.५०)

कोणीच ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’चं (१९६८) नाव घेतलं नाही? बजेटवाल्या माणसाला सगळ्यात आधी हा सांगायला हवा, कारण फुकट आहे आणि कायदेशीर फुकट आहे. आधीचं नाव वेगळं होतं, वितरकाने बदललं, नवीन टायटल चढवताना कॉपीराइटची ओळ राहून गेली, आणि त्या काळच्या अमेरिकन कायद्याने ओळ नाही म्हणजे हक्क नाही. जॉर्ज रोमेरो आणि मंडळींच्या हातून सिनेमा सुटला. (ऑनलाइन असंख्य प्रती आहेत, बऱ्याच अगदी धुरकट, दोनतीन चाळून बघा. २०१८ मध्ये रिस्टोअर केलेली प्रत निघाली ती सुंदर आहे, पण ती फुकट नाही.)

हे लोक पिट्सबर्गमध्ये जाहिरातपट काढायचे. सव्वा लाख डॉलरच्याही आत, रक्त म्हणून चॉकलेट सिरप, कारण ब्लॅक अँड व्हाइटमध्ये ते छान दिसतं. वय बघून आत सोडायची पद्धत त्याच नोव्हेंबरात सुरू झाली, हा आला ऑक्टोबरात, त्यामुळे दुपारच्या शोला लहान मुलं बसलेली. समीक्षक रॉजर ईबर्टने त्या मुलांबद्दल लिहिलंय, आधी किंचाळत होती आणि मग थिएटर नुसतं गप्प झालं. कारण ह्यात कोणी वाचत नाही. स्टुडिओचा सिनेमा असता तर शेवट असा राहिलाच नसता.

आणि नायक ड्युएन जोन्स, कृष्णवर्णीय, जो त्या घरातल्या सगळ्या गोऱ्यांना हुकूम सोडतो, १९६८ साली. भूमिका लिहिताना असं काही ठरवलेलं नव्हतं, ऑडिशनला तो सगळ्यात चांगला होता म्हणून घेतला. चार वर्षांनी ‘ब्लॅक्युला’ (विल्यम क्रेन, १९७२) आला, नाव ऐकून हसू येतं पण मुख्य नट विल्यम मार्शल शेक्सपिअर करणारा माणूस होता आणि त्याच्याच आग्रहाने ब्लॅक्युलाला गुलामांच्या व्यापाराची पूर्वकथा मिळाली. जॉर्डन पीलने ‘गेट आउट’ (२०१७) बद्दल बोलताना ड्युएन जोन्सचं नाव घेतलंय. ही साखळी तुमच्या सहांपैकी तीन शनिवार सहज भरेल.

खाटीक_गल्ली (दुपारी १२.३०)

टेक्सस चेनसॉ! सगळ्यात रक्तरंजित सिनेमा. नुसते तुकडे. मी आठवीत व्हीएचएसवर बघितला, हुक आरपार जातो, रक्ताचं कारंजं उडतं, आठवडाभर मटण खाल्लं नाही.

आठवा_शो (दुपारी १२.४८)

कारंजं नाहीये त्यात. हुक आत जाताना दिसतसुद्धा नाही. खाली ठेवलेली बादली दिसते आणि त्या मुलीचा चेहरा दिसतो.

खाटीक_गल्ली (दुपारी १२.५१)

मी बघितलंय. डोळ्यांनी.

आठवा_शो (दुपारी १२.५९)

म्हणजे दिग्दर्शक टोबी हूपरचं काम झालं. त्याला पीजी (पोरंही बघू शकतील असं) रेटिंग मिळेल अशी आशा होती, म्हणून त्याने रक्त आवरतं ठेवलं. मिळालं आर (मोठ्यांसाठीचं), आणि तेही काटछाट करून. १९७३ चा टेक्ससमधला उन्हाळा, बंद घरात हाडं आणि सडलेलं मांस, रात्रीच्या जेवणाचा प्रसंग सलग चोवीस तासांहून जास्त शूट केला, नटांच्या अंगाचा वास येत होता. आपल्याला जे दिसलं असं वाटतं ते त्या घामातून आणि आवाजातून दिसलेलं असतं. ‘सत्य घटना’ हीसुद्धा हाकाटीच. मूळ माणूस एड गीन, विस्कॉन्सिनचा खुनी, त्याच्या हातात चेनसॉ कधीच नव्हती. आणि ‘सायको’चा नॉर्मन बेट्सही त्याच गीनवरून. चौदा वर्षांत एकाच बातमीचे दोन सिनेमे, पहिल्यात खून कोणी आणि का केला हे समजावायला शेवटी डॉक्टर येतो, दुसऱ्यात कोणी काही समजावत नाही. हॉररमधला तो समजावणारा डॉक्टर ह्या स्वस्त सिनेमांनी घालवला.

खाटीक_गल्ली (दुपारी १.०४)

बघितलंय मी.

सोलापुरी_चादर (दुपारी १.४०)

काय बे, सगळे अमेरिकेला जाऊन बसलात. रामसे बंधू कुठंयत? सात भाऊ, एक कॅमेरा बघतो, एक आवाज, एक मेकअप. ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) महाबळेश्वरला सगळं कुटुंब घेऊन जाऊन काढला. आणि सुरुवात कशी तर आधीचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला, पण त्यात पृथ्वीराज कपूर मुखवटा घालून चोरी करतो तेवढ्या सीनला पब्लिक पुन्हा पुन्हा येत होतं हे भावांनी थिएटरात उभं राहून बघितलं. मग म्हणले बाकीचं कशाला, हेच काढू की. हे तुमच्या त्या लुइसपेक्षा काय वेगळं? ‘पुराना मंदिर’ (१९८४) आमच्या वडिलांनी सलग तीन खेळ बघितला. त्यातला राक्षस सामरी झालेला अनिरुद्ध अगरवाल रुरकीचा इंजिनिअर होता, इंजिनिअर लोकांना अजून कुठं असली नोकरी मिळाली सांगा.

एकशिंगी_राक्षस (दुपारी १.५५)

विषय अमेरिका-इटलीचा आहे. अवांतर नको.

सोलापुरी_चादर (दुपारी १.५७)

धाग्याचं नाव वाच परत. अमेरिका कुठं लिहिलंय.

नुसतीच_टिचकी (दुपारी २.१०)

साखळी पाहिजे ना? ड्राइव्ह-इनचा खुनी, मग स्लॅशर (एकेकाला गाठून मारत सुटलेल्या खुन्याचे सिनेमे), मग खुन्याचा आत्मा बाहुल्यात (‘चाइल्ड्स प्ले’, १९८८), मग १९९३ ला महेश कोठारे आणि पाध्यांचा बाहुला. ओम फट् स्वाहा. सहावा शनिवार तात्या विंचू. ह. घ्या.

सुसंस्कृत_वाचक (दुपारी ३.००)

एकाहत्तर वर्षांच्या माउलीला हे असले प्रकार दाखवण्यात काय पुरुषार्थ आहे? त्यांच्या वयाला साजेसं काही लावावं. आमच्या आई अशा वेळी हरिपाठ ऐकायच्या.

भिंतीवरचा_उंदीर (दुपारी ३.०६)

हरिपाठ सकाळी असतो त्यांचा, सिनेमा रात्री साडेनऊला. दोन्हीत खाडा नाही. ‘एक्झॉर्सिस्ट’ त्यांनीच मागे लावायला सांगितला होता.

संथ_वाहते (दुपारी ३.३०)

सायको कोणी सुचवला का?

मृणाल_म (दुपारी ४.१५)

एक इशारा राहिला. अण्णांचा ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ अटीत बसत नाही. केबिनमध्ये साप निघतो तो खराच कोयत्याने मारलाय.

त्याऐवजी ‘हॅलोविन’ (१९७८) घ्या. तीन लाख डॉलरच्या आसपास, खुन्याचा मुखवटा म्हणजे बाजारात मिळणारा ‘स्टार ट्रेक’च्या कॅप्टन कर्कचा मुखवटा पांढरा रंगवून. आणि मूळ कल्पना निर्मात्याची, बेबीसिटर पोरींच्या मागे लागलेला खुनी, कारण बेबीसिटर प्रत्येकाच्या ओळखीची असते. जॉन कार्पेंटरने ह्या फर्माइशीतून काय केलं ते बघा. रक्त जवळजवळ नाहीच. पैसे उरले तर पुस्तक एकच, कॅरल क्लोव्हरचं ‘मेन, विमेन अँड चेन सॉज’ (१९९२). ‘फायनल गर्ल’ हा शब्द तिचा. तिचं म्हणणं थोडक्यात असं की मोठ्या सिनेमात बाई किंचाळायची आणि वाचवायला पुरुष यायचा, ह्या हलक्या सिनेमांत शेवटी मुलगी स्वतःच उभी राहते, आणि थिएटरात बसलेली पोरं, बहुतेक सगळी मुलगेच, तिच्या बाजूने ओरडतात. अण्णांनी ४२व्या स्ट्रीटवर तेच ऐकलं की.

जर्सीकर_अण्णा (संध्याकाळी ५.२०)

सापाचं मला माहीत नव्हतं. तिथे इतक्या वेळा गेलो, कोणी सांगितलं नाही.

भिंतीवरचा_उंदीर (पुढचा रविवार, सकाळी १०.००)

सगळ्यांचे आभार. एकशिंगी, तुमचेही.

निर्णय झाला आणि पहिला शो कालच झाला. तुम्ही सगळ्यांनी ‘सायको’पासून सुरू करा म्हणालात आणि ‘ब्लड फीस्ट’ लावू नका म्हणालात. मी ‘सायको’ वगळला, सगळ्यांचा चारचारदा बघून झालाय, आणि ‘ब्लड फीस्ट’ने सुरुवात केली. डेक्कनच्या एका ओळखीच्याकडून डिस्क उसनी मिळाली, प्लेअरमध्ये चालते का ते चिन्यांच्या कृपेने आधीच बघून घेतलं. खर्च शून्य.

सत्तर मिनिटांच्या आतला सिनेमा. अभिनय म्हणजे गॅदरिंगमध्ये पाठांतर विसरलेली पोरं. इजिप्तच्या देवीसाठी मेजवानी करणारा केटरर, त्याच्या भुवया करड्या रंगवलेल्या, त्या प्रत्येक शॉटमध्ये वेगळ्या. पहिली वीस मिनिटं सगळे हसत होते. मग मोटेलमधला तो जिभेचा प्रसंग आला, आणि कॅमेरा हलेचना. नंतर सांगितलं मी की जीभ मेंढीची आहे, खाटकाकडची. (हे अट क्र. २ मध्ये येतं का ह्यावर घरात वाद झाला, सासूबाईंनी निकाल दिला की सिनेमासाठी मारलेली नाही, चालेल.) शेजारचे कुलकर्णी उठून पाणी प्यायला गेले ते परत आले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, रक्त कसलं ते, नेलपॉलिश आहे. थोड्या वेळाने म्हणाल्या, पण ह्याआधी असं दाखवायची कोणाची छाती झाली नसेल नाही?

भाचा म्हणाला, हा सिनेमाच नाही. मी म्हटलं बरोबर, हे दुकान आहे. मग त्याला आठवा_शो ह्यांचं कोड, ड्राइव्ह-इन, पिशव्या हे सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. पटलंय असं नाही, घरी जाताना म्हणाला की ‘सायको’मध्ये न दाखवता दाखवलंय म्हणून तो मोठा. मी म्हटलं शनिवार तिसरा, चेनसॉ, तेव्हा बोलू.

पुढचा क्रम: लिव्हिंग डेड, चेनसॉ, ब्लॅक्युला, हॅलोविन. सहावा शनिवार गेट आउट असणार होता, पण सासूबाईंनी परस्पर ‘पुराना मंदिर’ जाहीर केलाय, त्यांच्या माहेरच्या थिएटरात बघितलेला. सोलापुरी_चादर, तुम्ही जिंकलात. क्लोव्हरबाईंचं पुस्तक मागवलं, त्यात निम्म्याहून जास्त पैसे गेले, उरलेल्यात भाडं आणि भेळ.

आठवा_शो (सकाळी १०.३०)

लावू नका म्हटलं होतं. कुलकर्णी गेले ना?

सोलापुरी_चादर (सकाळी १०.३२)

सासूबाईंना दंडवत.

खाटीक_गल्ली (सकाळी १०.४०)

चेनसॉच्या दिवशी हुकाचा सीन पॉज करून बघा आणि इथे येऊन खरं सांगा.

कोथरूडचा_काउंट (सकाळी ११.०२)

नेलपॉलिश वाटलं ह्याचं कारण प्रोजेक्टर. लाल रंग मारतो जुन्या मशीनमध्ये.

आठवा_शो (सकाळी ११.०५)

नाही हो काउंट, ते रक्त मुळातच तसं भडक आहे. तुमच्या ७२ हजारांत अजूनच नेलपॉलिश दिसेल.

जर्सीकर_अण्णा (संध्याकाळी ६.१०)

उंदीरराव, डिसेंबरात पुण्याला येतोय. लिव्हिंग डेडची ती रिस्टोअर केलेली प्रत इकडे मिळते, आणू का?

भिंतीवरचा_उंदीर (संध्याकाळी ६.३०)

आणा अण्णा, पण ब्लू-रे आणू नका, ४के आणा, रीजनची कटकट नको. प्लेअर काउंटकडे आहे, प्रोजेक्टरही त्यांच्याच घरी. सासूबाईंना जिन्याचा त्रास होतो, काउंट, लिफ्ट आहे ना तुमच्याकडे?